ट्रंकेत परत आलेली ट्यूब

नव्वदच्या दशकात आमच्या बटालियनला ईशान्येकडच्या डोंगरांत पोस्टिंग मिळालं. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. कंपनीबरोबर पोस्टवर राहायचो. एरवी तापाच्या गोळ्या द्यायच्या, जवानांचे पाय तपासायचे. गोळीबार झाला तर रक्त थांबवायचं. मेडिकल ऑफिसर, एक तरुण कॅप्टन, बटालियन हेडक्वार्टरला असत. तिथं पोचायला चार तास चालावं लागे.

कंपनीत पुण्याचे आम्ही तिघं. मी येरवड्याचा. लान्स नाईक सलीम मंडईमागचा. त्याच्या घरी अत्तराचं दुकान. नाईक ज्ञानोबा धायरीचा. धायरीत तेव्हा शेतं होती. सलीम आणि ज्ञानोबा एकमेकांचे बडी होते. पलटणीत बडी म्हणजे जोडीदार. एक झोपला की दुसऱ्यानं जागायचं, एकाचं पाणी संपलं की दुसऱ्याचं प्यायचं. या दोघांचा साबण एक, वस्तरा एक, टॉवेलही एक. कंपनी कमांडर नव्या जवानांना हीच जोडी उदाहरण म्हणून दाखवत. मलाही तिचं कौतुक होतं.

पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, पहाटे पाचला निघे आणि दुपारी चारला परत येई. कपडे कधी पुरते वाळत नसत. दोन महिन्यांत निम्म्या कंपनीच्या जांघेत गजकर्ण झालं. कॅप्टनसाहेबांनी बुरशीवरचं साधं मलम पाठवलं. दिवसातून दोनदा लावायचं, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, खाज थांबली तरी चार आठवडे लावायचं. टॉवेल वेगळे ठेवायचे.

"चार आठवडं?" ज्ञानोबा म्हणाला. "यवढं कोन लावत बसनार?"

"आणि टॉवेल वेगळा म्हणे," सलीम म्हणाला. "मास्तर, उद्या बंदूक पण वेगळी करायला सांगाल." मला वाचायची सवय, म्हणून ते मला मास्तर म्हणत.

पुढच्या महिन्यात सलीम रजेवरून परतला तो सहा ट्यूब घेऊन. पुण्यातल्या एका औषधाच्या दुकानदारानं डॉक्टरची चिठ्ठी न मागता दिल्या होत्या. दोन दिवसांत त्याची खाज थांबली. त्याच ट्यूबनं ज्ञानोबाचीही थांबली. लाली परत आली की ते पुन्हा लावत, गेली की थांबत.

खोक्यातला कागद मी वाचला. तीन औषधं एकत्र होती: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं. वरून कातडी बरी दिसते आणि बुरशी खाली पसरत राहते. शिवाय जांघेची कातडी मुळात नाजूक, ती पातळ होते. डॉक्टरनं तपासून सांगितलं तरच, सांगितले तेवढेच दिवस, पातळ थर लावावा, असं कागदावर लिहिलं होतं. मी ते दोघांना वाचून दाखवलं.

"झालं वाचन?" सलीम म्हणाला. "आता पोथी गुंडाळा."

तीन आठवड्यांनी तपासणीत मी सलीमची जांघ पाहिली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. तिच्यावर जांभळ्या रेघा उमटल्या होत्या. वर्तुळं पोटापर्यंत चढली होती. ज्ञानोबालाही तेच, थोडं कमी.

"उद्या सिक रिपोर्टमध्ये दोघांची नावं घालतो," मी म्हणालो.

"म्हणजे?" सलीमनं विचारलं.

"पंधरा दिवस लाइट ड्यूटी."

"परवा ऑपरेशन आहे. स्काउट मी आहे. माझ्या जागी पुढं कोण चालणार? तुम्ही, पुस्तक हातात घेऊन?"

ज्ञानोबा चेष्टा करत नव्हता. "मास्तर, आपण तिघं एका गावचं. यवढी खेप जाऊ द्या. आलो की मी सोता तुमच्यापुढं हुबा ऱ्हातो."

दुसऱ्या दिवशी रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. मी नावं लिहिली नाहीत.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, सेक्शन, आमची दहा जणांची तुकडी, थांबला. सलीमची पँट मांडीला चिकटली होती. मी ती सोडवली तेव्हा कातडी तिच्याबरोबर आली. खाली पू होता. त्याच्या अंगात ताप होता. तो पाय फाकवून चालत होता आणि त्याच्या बुटांचा आवाज होत होता. पुढे चालणाऱ्या माणसाचा आवाज होऊन चालत नाही.

"तू मागं हो," ज्ञानोबा त्याला म्हणाला. "म्होरं मी."

सेक्शन कमांडरना आम्ही सांगितलं की सलीमचा घोटा मुरगळला. तिघंही खोटं बोललो.

एक चाळीसला आम्ही नाल्यात उतरलो. समोरच्या बांबूंतून एलएमजीचा, हलक्या मशीनगनचा, बर्स्ट आला. ज्ञानोबा पाण्यात बसल्यासारखा खाली गेला. दुसरा बर्स्ट आमच्या डोक्यांवरून गेला. बांबूच्या फाकी उडून तोंडात शिरल्या. सलीम उभा राहून फायर करत पुढे गेला. त्यानं ग्रेनेड टाकला. बांबूंतून एक माणूस बाहेर आला. त्याला खालचा जबडा नव्हता. सलीमनं त्याला दोन गोळ्या घातल्या. दुसरा पळत होता, तो पाठीत गोळी लागून नाल्यात पडला आणि पाणी लाल झालं.

मी रांगत ज्ञानोबाकडे पोचलो. गोळी मांडीच्या वरच्या टोकाला लागली होती. रक्त ठोक्याठोक्याला उडत होतं. इतक्या वर टूर्निके, रक्त अडवायचा आवळपट्टा, बसत नाही. मी पँट कापली आणि जांघेत मूठ रोवून सगळं वजन तिच्यावर टाकलं. माझ्या मुठीभोवती ती वर्तुळं होती. मी न नोंदवलेली.

मागे रेडिओवर कॅसेव्हॅकची, जखमीला उचलून न्यायची, मागणी चालू होती.

"टायगर, टायगर टू. कॉन्टॅक्ट. वन कॅज्युअल्टी, सिरियस. कॅसेव्हॅक, ओव्हर."

"टायगर टू, वेट. आउट."

ज्ञानोबाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, आता खाजत न्हाय बघा."

दोन वाजून बारा मिनिटांनी त्याची नाडी थांबली. मूठ मी त्यानंतरही बराच वेळ काढली नाही. सलीमनं ती उचलून बाजूला केली.

कॅप्टनसाहेबांना मी सगळं सांगितलं. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ठपका, मिळाला. सलीम सहा आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. ज्ञानोबाची काळी ट्रंक धायरीला गेली.

आता मी येरवड्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतो. सलीम दुकान बघतो. दर वर्षी त्या तारखेला आम्ही दोघं धायरीला जातो. शेतांच्या जागी इमारती आल्या. ज्ञानोबाच्या आई तिथंच एका फ्लॅटमध्ये राहतात. लढताना गेला, एवढंच त्यांना माहीत होतं.

या वर्षी चहा देताना त्यांच्या मनगटावर मला लाल वर्तुळ दिसलं. कडा पुसट, मधली कातडी पातळ.

"काय लावता, आई?"

"ज्ञानूचंच औषिद. त्याच्या ट्रंकेत हाय ना, तसलं. नातू ती ट्यूब दाखवून दुकानातनं नवी आणतो. लावलं की जातं, पुन्यांदा येतं."

त्यांनी ट्रंक उघडली. त्याच्या मफलरात गुंडाळलेली, तळापासून पिळत आणलेली ट्यूब माझ्या हातावर ठेवली.

मी खाली बसलो आणि त्यांना सांगितलं. ट्यूब, रजिस्टर, घोटा, नाला. सलीम भिंतीकडे बघत होता.

"जागा माझी होती, आई," तो एवढंच म्हणाला.

आईंनी मफलर घडी करून ट्रंकेत ठेवला. मग मला विचारलं, "लिवायचं काम तुजं हुतं?"

"हो."

"आन् तू लिवलं न्हाईस."

"नाही लिहिलं."

त्यांनी कप उचलून आत नेले. परत आल्या आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "आता ह्याचं काय करायचं, ते तरी नीट सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडी खरवडून तपासली, ती ट्यूब बंद केली आणि बुरशीवरचं साधं औषध दिलं. पहिले काही दिवस लाली वाढेल, घाबरून पुन्हा जुनं लावू नका, असं बजावलं. सलीमनं घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा टॉवेल आणला.

जुनी ट्यूब मी फेकायला मागितली. आईंनी दिली नाही.

"लावनार न्हाय. पन ती त्याची हाय."

मग मी एक चिठ्ठी लिहून ट्यूबला दोऱ्यानं बांधली. वर ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची तारीख घातली. खाली लिहिलं: नाईक ज्ञानोबा. दोन्ही जांघांत गजकर्ण. पेट्रोलला पाठवू नये.

आईंनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि ट्रंक बंद केली.