जुनं विंडोज आणि काकांचा गळा

खाणीच्या हजेरी खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी कॉम्प्युटर घेतला आणि वणीतल्या आमच्या घरात बुद्धाच्या फोटोखाली मांडला. कोळशाची धूळ बसू नये म्हणून त्यावर टॉवेल असायचा. धूळ टॉवेलखालीही असायची.

बाबांचे जिवलग दोस्त त्याच खाणीत डंपर चालवायचे. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. ते गाणी स्वतः रचत आणि स्वतःच गात. काही भीमजयंतीची, काही लग्नाची, आणि एक खाणीतल्या साहेबाच्या पोटावर रचलेलं. ते मात्र बायकांसमोर गायचे नाहीत. मागल्या वर्षी काकांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन ठरलं. आवाज राहील की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"जायच्या आधी ये," बाबा त्यांना म्हणाले, "सारे गाने व्हिडिओत भरून ठेवू."

मी तेव्हा माहेरी आलेली होते, त्यामुळे शूटिंग माझ्या गळ्यात पडलं. रविवारी सकाळी काका पांढरा शर्ट घालून, भांग पाडून आले. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यापुढे पहिलं गाणं झालं. दुसरं अर्ध्यावर असताना स्क्रीनवर पाटी आली: डिस्क भरली आहे. रेकॉर्डिंग बंद. काका डोळे मिटून गातच होते. त्यांना कोणी थांबवायचं म्हणून बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बाबांकडे.

"तुह्या लग्नाचे फोटो काढून टाक," शेवटी बाबा म्हणाले. "तसेही त्याच्यात सारे तुह्या सासरचेच हायेत."

फोटो पेन ड्राइव्हवर होतेच, म्हणून मी मन मोठं केलं. सासऱ्यांच्या नाचाचा व्हिडिओ तर आनंदानं पुसला. तरी जागा होईना. पाहते तर रिसायकल बिन गच्च भरलेली. बाबांनी ती आजवर रिकामीच केली नव्हती.

"टाकलेलं बी कधी कामी येते," ते म्हणाले.

ती रिकामी केली, पण त्यातून एखादं गाणं मावेल एवढीच जागा निघाली. मग नीट शोधलं, तेव्हा खरा पसारा सापडला. बरीचशी जागा सिस्टिमच्या फायलींनी अडवली होती.

"सिस्टिमले हात नको लावू," बाबा खुर्चीतून उठलेच. "डब्बा बंद पडला मंग?"

मी समजावलं, "बाबा, नवीन विंडोज आलं तेव्हा जुनं तसंच बाजूला ठेवलंय. नवं नाही जमलं तर परत जाता यावं म्हणून."

"म्हंजे दुसरी आनली, अन् पहिलीले बी घरातच ठेवलं?" काकांनी विचारलं.

"तसंच."

"वापस जाता आलं कोनाले बे आजपर्यंत?"

मी डिस्क क्लीनअप उघडलं, जुन्या विंडोजवर खूण केली. लगेच ताकीद आली की हे पुसलं तर मागे फिरता येणार नाही. बाबांनी माझा हात धरला. "उद्या पाहू."

"मले परवा भूल देऊन राह्यले, अन् तू या डब्ब्याले भेते?" असं म्हणत काकांनी स्वतःच एंटर दाबलं.

हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. आईनं चहा आणला. बसून बसून काका कंटाळले आणि त्यांनी चक्क साहेबाच्या पोटाचं गाणं सुरू केलं. आई आणि मी तिथेच. काकांचा आवाज खोलीत मावेना. शेवटच्या कडव्याला बाबा हसता हसता खोकू लागले. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी तं हे लगन झाल्यापासून आयकून राह्यली. पोट आता जरा जास्तच वाढलं."

पट्टी संपली. भरपूर जागा झाली, कॉम्प्युटरही धडधाकट चालू झाला. दुपारपर्यंत काकांनी सगळी गाणी म्हटली. साहेबाचं तेवढं कॅमेऱ्यापुढे म्हणेनात.

"साहेब जित्ता हाय अजून," ते म्हणाले. "कोनी मोबाइलवर धाडलं तं?"

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला तो गेलाच. आता काका बोलतात तेव्हा थंडीत डंपर सुरू होत नसल्यासारखी घरघर ऐकू येते. बरे झाल्यावर ते पहिल्यांदा व्हिडिओ पाहायला आले, तेव्हा बाबा काही काम नसताना अंगणात जाऊन झाडांना पाणी घालू लागले. काकांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "तिसऱ्या गान्यात बेसूर झालो. सांगतलं नाही काहून?"

गाणी रचणं मात्र त्यांनी सोडलं नाही. यंदाच्या जयंतीला त्यांचं नवं गाणं मांडवात बाबांनी म्हटलं. बाबांचा गळा हजेरी घ्यायच्याच कामाचा. दुसऱ्या कडव्याला लोक खाली बसा म्हणून ओरडू लागले. पहिल्या रांगेत बसलेले काका मांडीवर ताल धरून, मान हलवत, पुढच्या ओळीचे शब्द नुसत्या ओठांनी त्यांना सांगत होते.