जुन्या जालन्यातला सर्व्हर

कॉलेज संपल्यावर मला पहिली नोकरी लागली ती नवीन जालन्यात, एका बियाणे कंपनीत. कंपनीने नुकतीच वेबसाइट काढली होती आणि गावोगावचे विक्रेते तिच्यावर बियाण्याची मागणी नोंदवत. ती ज्या सर्व्हरवर चालायची तो मात्र जुन्या जालन्यात, एका धान्य दुकानाच्या माडीवर होता. मी माझ्या टेबलावरून त्याच्यावर नजर ठेवायची. सर्व्हरवर चालू असलेलं प्रत्येक काम म्हणजे एक प्रोसेस; मागणी घेणारी प्रोसेस, साठा दाखवणारी प्रोसेस, अशी एकेक ओळ पडद्यावर दिसे. एखादी अडकली की ती इथूनच बंद करून परत सुरू करायची.

त्या माडीवर सर्व्हर सांभाळायला एक काका बसत. पन्नाशीचे, राजूरकडचे, भारी बोलके. त्यांना मी एकदोनदाच भेटले होते, पण बोलणं रोजचं. फोनपेक्षा पडद्यावर लिहायची त्यांना हौस. माझं काम चाललेलं असताना मधेच इंग्रजी अक्षरांत ओळ उमटे, "जेवलीस का?"

पेरणीच्या आधीचे दिवस होते. त्या दिवशी सकाळपासून लाइट जा-ये करत होती. दुपारी मागणीची प्रोसेस बंद पडली. मी ती सुरू केली, ती परत पडली. मग साठ्याची गेली. एक उठवावी तर दुसरी पडे. मशीन तापत असणार, एसी बंद असेल, असं वाटून मी काकांना लिहिलं, "काका, एसी बघता का?"

उत्तर आलं नाही.

सर्व्हरवर कोण बसलंय आणि त्याने कीबोर्डला हात लावून किती वेळ झाला, हे मला इथून दिसायचं. काकांचं नाव होतं. त्यांचा हात मात्र केव्हाचा लागला नव्हता. मी परत लिहिलं. मग फोन लावला. घंटा वाजत राहिली. इकडे पडद्यावर त्यांच्या नावापुढचा वेळ वाढतच होता. माणूस खुर्चीवरून उठून गेला असेल, एवढाच त्याचा अर्थ, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. पण काका कुठे जाताना सांगितल्याशिवाय जात नसत.

मी माडीखालच्या धान्याच्या दुकानात फोन लावला.

"काका वरच हायेत," दुकानदार म्हणाले. "सकाळीच गेल्ते. उतरले न्हाईत."

"जरा वर जाऊन बघता का? जल्दी."

त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला. जिन्यावरची पावलं ऐकू आली, मग दार ठोठावल्याचा आवाज. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"आतून कडी हाय. आवाज देऊन राह्यलो, बोलत न्हाईत. आन् दारातून सडक्या अंड्यावानी वास येऊन राह्यला."

"दार तोडा," मी म्हणाले.

मी रिक्षाने पोचले तोवर हमालांनी दार तोडून काकांना ओट्यावर आणून निजवलं होतं. चेहरा राखेसारखा. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडेच बघत नव्हते. धूळ येऊ नये म्हणून ते खिडक्या लावून बसत, आणि लाइट गेली की सर्व्हर चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बॅटऱ्या तापून त्यांचा वायू त्या बंद खोलीत साठला होता. "अजून थोडा वेळ राहिले असते तर गेले होते," असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

आठवड्याभराने मी भेटायला गेले. ते हळू बोलत होते, शब्द शोधत.

"तू लिहिलेलं समदं दिसत होतं मला," ते म्हणाले. "वाचत होतो मी. हात उचलायचा म्हटलं, तर उचलंना."

त्यांच्या बायको पलंगाशी बसल्या होत्या. त्यांनी तोंड वळवलं.

काका वाचले, पण कामावर आले नाहीत. राजूरला राहायला गेले. कंपनीने माडी रिकामी केली आणि सर्व्हर पुण्याला, भाड्याच्या जागेत हलवला. काम माझ्याकडेच राहिलं. तिथल्या प्रोसेस मी इथून बंद करायची, इथून सुरू करायची. ती खोली मी कधी पाहिली नाही. तिला खिडकी आहे का, आत माणूस बसतो का, हे मी पुण्याला फोन करून विचारलं होतं. "ते माहीत असायची तुम्हाला गरज नाही," पलीकडून एक मुलगी शांतपणे म्हणाली.