बेटासाठी शिवलेले कोट

अप्पांचं शिलाईचं दुकान देवराज मोहल्ल्यात, मार्केटमागच्या गल्लीत. दर हिवाळ्यात तिथे एक परदेशी बाई यायच्या. आमच्याच शहरात गोकुलमला योग शिकायला परदेशी लोक येतात, त्यांपैकीच त्या, पण साठी ओलांडलेल्या, शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. अप्पांकडून सैल सुती पायजमे शिवून घ्यायच्या. अप्पांना इंग्रजी जेमतेम यायचं, बाईंना कन्नड त्याहून कमी. तरी दोघं तासभर बोलत बसायचे. काय बोलायचे ते मला कधी कळलं नाही.

एका वर्षी त्या आल्याच नाहीत. फेब्रुवारीत त्यांचं पत्र आलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एवढा लांबचा प्रवास आता झेपणार नाही, तेव्हा या खेपेला तुम्हीच या, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावर राहत. घराशेजारीच त्यांचं दोन खोल्यांचं दगडी कॉटेज होतं, ते त्या सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देत. जूनमधले पंधरा दिवस तुमच्यासाठी राखून ठेवते, म्हणाल्या होत्या. सोबत फोटो होता. काळे कडे, खाली फेसाळलेला समुद्र आणि उतारावर एकटंच पांढरं घर.

मी तेव्हा हेब्बाळला एका कंपनीत होते. कंपनीच्या बसमधून उतरून घरी येते तोच पत्र वाचायला मला बसवलं. ऐकून अप्पा हसले.

"मनाची चांगली आहे बाई. पण जून म्हणजे शाळांचे युनिफॉर्म. जूनमध्ये मी दुकानातून घरी जेवायला येत नाही, बेटावर कुठला जातोय?"

त्यांच्या लेखी विषय संपला. आई मात्र फोटो हातात धरून बसली होती. "एक झाड नाही बघ," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती माझा शाळेतला जुना नकाशासंग्रह उघडून बसलेली दिसली. आई शाळेत भूगोलात पहिली यायची, हे मला आजीकडून कळलं होतं. दहावी झाली, लग्न झालं, आणि मग दुकानातल्या कपड्यांची काजंबटणं घरी बसून करण्यात तिची तीस वर्षं गेली होती.

"जायचंय का तुला?" मी विचारलं.

"मी कुठे तसं म्हटलं? सुम्ने बघते."

सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या घरात जी गोष्ट फार मनात असते, ती सगळे सुम्नेच करतात. मी त्या रविवारी सकाळी कॉफी पिताना अप्पांना सांगून टाकलं, "तिकिटं मी काढते, तिघांची. आईला जायचंय."

अप्पांनी आईकडे पाहिलं. तिने नाही म्हटलं नाही. ते चपला घालून दुकानात गेले. दुपारी जेवायला आले आणि ताटावर बसता बसता म्हणाले, "युनिफॉर्म संपले की दसऱ्याच्या कामापर्यंत मधे थोडी जागा असते. ऑगस्टच्या शेवटी. बाईंना विचार, चालेल का."

बाईंचं उत्तर लगेच आलं. चालेल, पण तोवर वारा वाढलेला असतो, जाड कोट आणा. कधीकधी वाऱ्यामुळे बोटही सुटत नाही.

"आणि परत यायच्या दिवशी बोट नाही सुटली तर?" आईने विचारलं.

"तर तिथेच राहायचं," मी म्हटलं.

"आयतु," आई म्हणाली. म्हणजे ठीक आहे. इतक्या पटकन म्हणाली की अप्पाही हसले.

मग कोट निघाले. लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट अप्पा वर्षानुवर्षं शिवत आले होते, पण आईसाठी कोट कधी शिवलाच नव्हता. त्यांनी दुकानातून जाड लोकरी कापड आणलं आणि घरातच तिला उभं केलं.

"हात जरा वर. श्वास धरू नकोस."

"खिसे पाहिजेत," आई म्हणाली.

"किती?"

"चार."

बायकांच्या कोटाला चार खिसे नसतात, असं अप्पा सांगू लागले आणि मधेच थांबले. खडूने चार खिशांच्या खुणा केल्या.

पहिल्या खेपेला व्हिसा नाकारला गेला. तुम्ही परत याल असं कागदपत्रांवरून दिसत नाही, एवढंच कारण लिहिलं होतं. अप्पांना ते फार लागलं. आईचा कोट बाह्या लावायच्या राहिलेल्या अवस्थेत खिळ्यावर लटकत राहिला. "आपण काय पळून जाणारी माणसं आहोत?" असं ते एकदा म्हणाले, पुन्हा तो विषय काढला नाही. मलाच अपराधी वाटू लागलं. ही आशा मीच दोघांना लावली होती.

चार दिवसांनी आई दुकानात गेली. एरवी ती तिकडे फिरकत नसे. मला सुट्टी होती, म्हणून मी तिच्यासोबत होते.

"अहो, परत का येणार असं ते विचारतात ना?" ती म्हणाली. "मग सांगा की." आणि माझ्याकडे वळली. "पुट्टी, तू लिहून घे."

अप्पा मशीनवरचा पाय न उचलता सांगू लागले. "दसऱ्याला एका बँडचे चोवीस कोट द्यायचेत. मापं माझ्याजवळ आहेत. त्यातल्या तिघांचे खांदे एका बाजूला उतरलेले आहेत, त्यांचं माप दुसऱ्या कुणाला जमत नाही. मी आलो नाही तर हे लोक जुन्या कोटात वाजवतील." मी जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं आणि पुन्हा अर्ज केला. बँडमास्तरांनी आपलं पत्र जोडलं, बाईंनी पुन्हा एक पाठवलं. जुलैच्या शेवटी पासपोर्ट शिक्क्यांसह परत आले. अप्पांनी ते पाहिले, आईच्या हातात दिले आणि बाह्या लावायला बसले.

आईने हुळी पूड म्हणजे सांबाराचा मसाला, चटणी पूड आणि दोन किलो तांदूळ बांधले. अप्पांनी दुकानाच्या दाराला कन्नडमध्ये पाटी लावली आणि परतायची तारीख दोनदा गिरवून ठळक केली.

किनाऱ्याला पोचलो त्या दिवशी वाऱ्यामुळे खरंच बोट सुटली नाही. किनाऱ्यावरच्या गावात एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी बोट इतकी हलत होती की अप्पा डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेत होते. आई मात्र शेवटपर्यंत कठड्याशी उभी होती. धक्क्यावर बाई काठी टेकून आल्या होत्या. अप्पांनी हात जोडले, बाईंनीही जोडले, आणि मोटारीपर्यंत पोचेस्तोवर दोघांचं बोलणं सुरूही झालं.

तिसऱ्या सकाळी पाऊस थांबला. बाई कॉटेजवर येऊन अप्पांशी बोलत बसल्या होत्या. आईने शेगडीवरचं भांडं उतरवलं आणि कोट चढवला.

"बाईंना विचार," ती मला म्हणाली, "मागच्या टेकडीवर जायची वाट कुठून आहे."

"अगं, केवढी चढण आहे ती," अप्पा म्हणाले.

"तुम्ही बसा बोलत. आम्ही येतो जाऊन."

बाईंनी खिडकीतून काठीने वाट दाखवली. ती ओली होती, दगडांतून वर जाणारी. मेंढ्या बाजूला होत होत्या. मी मागे, आई पुढे, आणि निम्मी चढण होईपर्यंत तिने एकदाही वळून पाहिलं नाही.