तात्याचा खांब

कचेरीत कागद साचतात तसे किस्सेही साचतात. फरक इतकाच, की कागदांना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही! दुसऱ्या महायुद्धाच्या आधी चार-पाच वर्षं मी बारामतीजवळ कालव्याच्या बंगल्यावर कारकून होतो. एवढा मोठा कालवा, पण माझी ती वर्षं खाल्ली बागेच्या कुंपणाच्या एका खांबाने. कोपऱ्यातला सागवानी खांब बुडाशी कुजला होता. आठवलं की अजून थकवा येतो.

*

वर अर्ज केला, 'खांब कुजला आहे, नवा मिळावा.' दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'कुजल्याचा नमुना पाठवावा.' बागेचा माळी तात्या. त्याने बुडाचा तुकडा काढून दिला, मी तो पाकिटात घालून धाडला. सोबत वाळवीही गेली असावी. महिन्याने उत्तर, 'पाकिटात माती मिळाली. लाकूड पाठवावे.'

तात्या म्हणाला, "भाऊसाहेब, आता खांबच टपालात घाला!"

*

शेवटी गणपत सुताराला बोलावलं. त्याने कुजलेलं बूड कापलं आणि उरलेला खांब पुन्हा पुरला. दर पावसाळ्यानंतर हेच. छातीएवढा खांब कमरेला आला आणि कुंपणाच्या पट्ट्या त्या बाजूला कलल्या. इंदापूरच्या फेरीवरून परतलेल्या आमच्या साहेबांनी विचारलं, "हे तिरकं का?"

"कालव्याचं कुंपण हाय, साहेब," गणपत म्हणाला. "ढाळ नको व्हय?"

साहेब पडले इंजिनिअर. ढाळाचं नाव निघताच त्यांनी मान डोलावली!

*

खांब गुडघ्याला आला तेव्हा तात्याने पिंपळीहून पांगाऱ्याचं ओलं खोड आणून त्या जागी रोवलं. ते जगलं! पानं फुटली. आम्ही खूश, आणि जळोचीच्या एका आबांच्या शेळ्याही खूश. त्यांनी पाला खाल्ला, साल सोलली, पट्ट्या ढकलून आत शिरल्या आणि साहेबांचे गुलाब फस्त केले.

आबांना जाब विचारला, तर म्हणाले, "खांबाला पाला तुमी लावला. ह्यो सरकारी हाय, हे शेळीला काय ठावं?"

साहेबांनी मात्र तात्याला बजावलं, "पुन्हा कुंपण पडलेलं दिसलं, तर घरी जायचं." तात्याला गावी जमिनीचा तुकडा नव्हता, आणि गुडघे कामातून गेलेले. मला फार वाईट वाटलं. पण आणखी एक अर्ज लिहायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

*

सोललेला पांगारा वाळला, मग कुजला. पुण्याचे बडेसाहेब तपासणीला यायचे होते, नेमका त्याच सकाळी जमिनीलगत मोडला. सोडला तर सगळी बाजू आडवी! तात्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि दुपारपर्यंत उन्हात तसाच उभा राहिला.

बडेसाहेब आले. पुन्हा फुललेले गुलाब बघून म्हणाले, "वा! माळी कोण?"

"तात्या, इकडे ये!" आमच्या साहेबांनी हाक मारली. तात्या हलला नाही. दुसरी हाक. तात्या हलला नाही. साहेबांचे कान लाल झाले. मी कसंबसं म्हटलं, "लाजरा आहे, साहेब."

"हरकत नाही," म्हणत बडेसाहेब स्वतःच कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि शाबासकी द्यायला त्यांनी हात पुढे केला.

तात्याने हाताकडे पाहिलं. मग खांबाकडे पाहिलं.

"साहेब, आदी ह्यो जरा धरा."

बडेसाहेबांनी धरला.

तात्याने दोन्ही हात जोडून रामराम केला, आणि गुडघे चोळत खाली बसला.