गरम पाण्यातला हात

डॉक्टरांनी एक्स-रे लाइट बॉक्सवर लावला आणि पेनाचं टोक एका बारीक काळ्या रेषेवर टेकवलं. "हे मानेतलं पाचवं हाड. हे मोडलंय," ते म्हणाले. "तो हातपाय हलवतोय हे त्याचं नशीब. पण आत्ता मान जरा जरी वाकडी झाली, तर उद्याही हलवेल असं मी सांगू शकत नाही." माझी मुलगी मीनल स्वतः डॉक्टर, तेव्हा तिची रेसिडेन्सी चालू होती. ती खुर्चीत बसली ती उठेचना. मला त्या एक्स-रेतलं काही कळत नव्हतं, पण लेकीच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं.

तुमच्याही घरात कधी कुणाचा मणका, मान, पाठ असं काही निघालं, तर पेशंट डॉक्टरांपासून काय काय लपवू शकतो हे आधी ठाऊक असावं, म्हणून हे लिहितेय. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेशंट म्हणजे आमचा जावई, कर्टिस. प्रोफेशनल फुटबॉल खेळायचा. आपला नव्हे, अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायांपेक्षा डोक्याचाच वापर जास्त, आणि तोही विचार करायला नाही. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं आणि त्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचं लग्न झालं होतं. मी विरोध केला होता आणि तसं त्याला तोंडावर सांगितलंही होतं. तो "ओके, आई" म्हणाला आणि आणखी एक पोळी मागितली. अशा माणसाशी भांडणार तरी किती?

ऑगस्टमध्ये सीझन सुरू व्हायच्या आधी काही मॅचेस होतात. त्या कुठे धरतही नाहीत. तसल्या एका मॅचमध्ये तो डोकं खाली घालून कुणाला तरी धडकला. दोन्ही हात आग लागल्यासारखे जळले म्हणे, मग थांबले. हा उठून आपल्या पायांनी बाकापर्यंत गेला आणि परत खेळायला निघाला. ट्रेनरने हेल्मेट लपवून ठेवलं म्हणून वाचला.

त्याच्या डोक्याला हेलो बसवला. देवाच्या डोक्यामागे प्रभावळ असते ना, त्यावरून हे नाव. नाव ठेवणाऱ्याला हात जोडावेत. धातूची एक कडी डोक्याभोवती, तिच्यातून चार स्क्रू कातडीतून थेट कवटीत, आणि कडीपासून निघालेल्या दांड्या खाली छातीवरच्या प्लॅस्टिकच्या जाकिटाला जोडलेल्या. मान हलूच नये म्हणून हा बंदोबस्त. भूल फक्त स्क्रूच्या जागेपुरती. पाना फिरवताना त्याला तो आवाज आतून ऐकू येत होता. त्याने माझा हात धरला होता, आणि त्यानंतर दोन दिवस मला लाटणं धरता येत नव्हतं.

त्यांचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मीनलला हॉस्पिटलच्या लांबच लांब ड्युट्या. त्याची आई नाही, वडील वेस्ट व्हर्जिनियात, स्वतःच फुप्फुसांनी आजारी. म्हणून तो डब्लिनला, अमेरिकेतल्याच आमच्या गावी, आमच्या फॅमिली रूममध्ये आला. आमच्या ह्यांनी सोफा गराजमध्ये ढकलला आणि हॉस्पिटलची कॉट भाड्याने आणली.

पिन केअर म्हणजे स्क्रू जिथे आत जातात ती जागा सकाळ-संध्याकाळ पेरॉक्साइडच्या बोळ्याने साफ करायची, खपली धरू द्यायची नाही. हे काम माझ्याकडे आलं. जावई घरात आला की पदर सारखा करायच्या वळणातली मी, आणि आता त्याच्या कपाळावरचा पू पुसत होते. पहिल्या दिवशी बोळा माझ्या हातून दोनदा पडला, तेव्हा तोच मला म्हणाला, "आई, मी कुठेही जात नाहीये. टेक युअर टाइम." त्याला खालचं दिसत नसे, म्हणून ताट फोन बुकांच्या थप्पीवर ठेवायचं. चालताना जमीन दिसत नसे, म्हणून हे पुढे आणि मी मागे. एवढा अवाढव्य देह पडलाच असता तर आम्ही दोघं त्याला काय सावरणार होतो, देव जाणे.

भेटायला लोक येत. एक काकू नागपूरहून आणलेलं मसाजचं तेल घेऊन आल्या. मानेला चोळा, म्हणाल्या. मान कुठे दिसतेय का बघा आधी, असं मी म्हणणार होते, पण चहा ठेवला.

रविवार फार वाईट जायचे. टीव्हीवर मॅच असायची आणि त्याच्या जागी दुसरा पोरगा खेळत असायचा. चांगला खेळायचा. कर्टिसला मान फिरवता येत नव्हती, म्हणून तो डोळे मिटून घ्यायचा. टीव्ही बंद करू का म्हटलं तर नको म्हणायचा. एकदा डोळे मिटलेलेच होते आणि तो म्हणाला, "आई, मला दुसरं काहीच येत नाही." मी म्हटलं, येईल रे, माणूस शिकतो. बोळा घेऊन त्याच्या कपाळाशी वाकले तेव्हा दिसलं की मिटल्या डोळ्यांतून पाणी येतंय, आणि मग माझंही अवसान गळालं. त्या खोलीत आशा अशी काही नव्हतीच. तो परत खेळू नये असं मला मनापासून वाटत होतं आणि तो त्याच एका गोष्टीवर जगत होता.

दिवाळीच्या थोडं आधी हेलो निघाला. त्याच्या जागी कॉलर आली, गळपट्ट्यासारखी. हाड जुळलंय, डॉक्टर म्हणाले. तपासताना ते त्याला डोळे मिटायला सांगत आणि हातावर कधी टाचणीचं टोक, कधी बोथट बाजू लावून विचारत, शार्प की डल? सगळी उत्तरं बरोबर आली. आणखी एक तपासणी, मग ते टीमला कळवणार होते की हा वसंतात प्रॅक्टिसला येऊ शकतो. घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी हसलं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. जावयाला बोलवायचं, तेल-उटणं लावून आंघोळ घालायची, ओवाळायचं, काहीतरी द्यायचं. आदल्या दिवशी ह्यांनी त्याला मजेत सांगून ठेवलं होतं, उद्या काय हवं ते मागून घे, सासूला नाही म्हणता येत नाही. तो पोरगा प्रत्येक गोष्ट खरी धरणारा.

सकाळी त्याला बाथरूममध्ये स्टुलावर बसवला. कॉलर होतीच. मी खांद्यांना, हातांना तेल चोळलं. बादलीत किटलीतलं कढत पाणी ओतलं होतं, विसण घालायचं बाकी होतं. मी तांब्या आणायला वळले तेवढ्यात मला मदत म्हणून त्याने उजवा हात बादलीत घातला, पाणी ढवळायला. आणि तसाच ठेवला. लहानपणी आई आंघोळ घालताना गाणं म्हणायची, ते सांगत होता. मी बोट बुडवलं आणि चटका बसून झटक्यात मागे घेतलं. त्याचा हात मनगटापर्यंत आत होता, आणि तो बोलतच होता.

"हात काढ," मी म्हणाले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग डावा हात पाण्याला लावला आणि लगेच मागे घेतला, तेव्हा त्याला समजलं पाणी किती गरम आहे ते. उजवा हात लालबुंद झाला होता.

हेलोत असल्यापासूनच असं होतं, त्याने कबूल केलं. स्पर्श कळतो, दाबलेलं कळतं, पण गरम-गार नाही आणि दुखतही नाही. टाचणीचं उत्तर तो डॉक्टरांच्या हाताच्या दाबावरून ओळखायचा. टीममध्ये सगळेच असं करतात म्हणाला. दुखतंय म्हणालास की तुझी जागा गेली.

मग तो म्हणाला, "आई, बाबा म्हणाले आज मी काहीही मागू शकतो. मग हे मागतो. कुणाला सांगू नका. मीनलला तर नाहीच."

माझे हात तेलाने माखलेले होते. सणाचा दिवस, जावई स्टुलावर बसलेला, पोळी सोडली तर पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागत होता. "दिलं," मी म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मीनलला सांगितलं, किटलीची वाफ लागली त्याला. ती भाजल्याचं मलम लावून ड्युटीवर गेली. मी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायचे, कारण त्याला ती जमत नव्हती आणि तिला ते दिसायला नको होतं. हातातून कप निसटला की मी म्हणायचे, माझाच धक्का लागला. शब्द मोडायचा नाही म्हणून गप्प होते, आणि गप्प राहिल्याने पोरीचा नवरा जन्मभर कॉटवर पडेल हेही दिसत होतं. ह्यांना सांगावं तर ते लगेच मीनलला सांगणार. देवापुढे बसले तर देवाशीही काही बोलता येईना.

तपासणीला आम्ही सगळे गेलो. डॉक्टरांनी मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे दाखवले. सगळं उत्तम. टाचणीची उत्तरं उत्तम. "नो डेफिसिट," ते म्हणाले, म्हणजे नसांचं काहीही नुकसान नाही. मीनलने डोळे पुसले. कर्टिसने माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर टीमला फोन करायला उठले.

"डॉक्टर," मी म्हणाले, "त्याचा उजवा हात गरम पाण्यात घालून बघा."

डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. नर्सकडून काचेच्या दोन नळ्या मागवल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. त्याला डोळे मिटायला लावले आणि नळ्या हाताला लावत विचारलं, गरम की गार? तो चुकत गेला. मग त्याने उत्तर देणंच सोडलं. मीनल भिंतीला टेकून उभी होती.

डोळे उघडून तो माझ्याकडे वळला. "तुम्ही दिलं होतं."

"दिलं होतं," मी म्हणाले. "आता परत घेतलं."

मग मायलोग्राम झाला. पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवती औषध सोडतात, टेबल तिरकं करतात आणि एक्स-रे घेतात. नंतर डोकं फुटेल असं दुखतं, त्याची तयारी ठेवा. त्यात दिसलं की त्याला जन्मापासूनच स्टेनोसिस आहे, म्हणजे मज्जारज्जू जातो ती नळीच अरुंद. त्यात फाटलेल्या डिस्कचा तुकडा रुतून बसलेला. "आणखी एक धडक बसली असती," डॉक्टर म्हणाले, "तर मानेखालचं सगळं बंद. कदाचित श्वासही." आता ऑपरेशन, आणि मैदान कायमचं बंद.

ऑपरेशनला फ्यूजन म्हणतात. तुकडा काढायचा आणि कमरेचं हाड घेऊन दोन मणके एकमेकांना जोडून टाकायचे. वेटिंग रूममध्ये मीनल माझ्यापासून लांबच्या खुर्चीत बसली. मी इतके दिवस गप्प राहिले याचा तिला राग होता, आणि मी बोलले याचा त्याला. मध्ये आमचे हे, दोन्हीकडे कॉफी नेऊन देत होते. मी फक्त एवढंच म्हणत होते, त्याचे पाय राहू देत. माझ्याशी कुणी बोललं नाही तरी चालेल. सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, पायाची बोटं हलवतोय. मी तिथेच रडले, मोठ्याने, लोकांसमोर.

तुमच्या पेशंटला डॉक्टर तपासत असतील तेव्हा खोलीत थांबा. घरात काय सांडतं, काय पडतं, कुठे चटका बसूनही कळत नाही, ते डॉक्टरांना सांगा. पेशंट रागावेल. रागावू दे. शब्द दिला असेल तर तो मोडा.

आता तो एका हायस्कूलच्या पोरांना खेळ शिकवतो. कुणी डोकं खाली घालून धडकलं तर मैदानाबाहेर काढतो, असं मीनल सांगते. तिचा राग गेला. उजव्या हाताला अजून गरम-गार कळत नाही. मला आई म्हणायचा, आता मिसेस जोशी म्हणतो. टोचतं. खूप टोचतं, खोटं कशाला सांगू? त्याचं सगळं आयुष्य ज्यात होतं ते मी त्याच्या हातून काढून घेतलं. तो कशाला विसरेल?

पण माझ्यापुरतं हे आजारपण त्याच डिसेंबरात एका दुपारी संपलं. तो आपलं सामान न्यायला घरी आला होता. बॅग त्याने स्वतः भरली, डाव्या हाताने. मी चेन लावायला पुढे झाले तर बॅग ओढून घेतली. ह्यांचा निरोप घेतला, माझा नाही. दार आपटलं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. ड्राइव्हवेवर बर्फ गोठलेला होता आणि तो ताडताड चालला होता. मध्येच पाय सटकला. पण दुसरा पाय त्याने पटकन मागे रोवला, तोल सावरला, बर्फाला एक सणसणीत शिवी दिली आणि तसाच तरातरा गाडीपर्यंत गेला. एकदाही मागे बघितलं नाही. एवढा रागावलेला, आणि दोन्ही पाय त्याचं ऐकत होते. मी काचेमागे हात जोडले.