कढीपत्त्यावरचा कोश

पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी सुटे भाग तपासते. पितळी नोझल भिंगाखाली धरायचा. कड सगळीकडून साफ दिसली तर पास, कुठं ओरखडा दिसला तर लाल डबा. आठवीत शाळा सुटली, मग निपाणीकडचं गावही सुटलं, पण हे एक काम मला नीट येतं. कॅमेरा हातात आल्यावर त्याच कामानं माझा घोळ केला.

कॅमेरा अक्कांचा, म्हणजे माझ्या घरमालकिणीचा. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी तापानं पडले होते तेव्हा दोन्ही वेळेला जिना चढून पेज आणून द्यायच्या. ते मी विसरणार नाही. आता त्यांच्या नजरेचा मधला भाग अंधुक झालाय, फक्त कडेनं दिसतं. गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत अळी आहे असं मी सांगितलं, तशा म्हणाल्या, "फुलपाखरू होईपर्यंत रोज फोटो काढ गं. टीव्हीवर मोठं करून बघीन. पुढच्या वेळेला दिसेल, न दिसेल."

मला धडकीच भरली. एवढं मोठं काम आणि माझ्याकडे?

शिकवलं त्यांनीच. "भिंग फिरवत बसू नकोस, तूच स्वल्प मागंपुढं हो. श्वास सोड, मग दाब." दह्याचा पांढरा डबा कापून फ्लॅशवर बसवायला लावला, तशी अळीच्या पाठीवरची चकाकी गेली. फोटो सुधारले. पण एक गोष्ट डोक्यात शिरेना. डोकं स्वच्छ आलं की शेपूट धूसर, शेपूट स्वच्छ आलं की डोकं गायब. कारखान्यात अर्धा साफ भाग कोण पास करतं? मी रोज संध्याकाळी बसून पुसत गेले. अळीचा कोश होईपर्यंत उरले चार. चारही वरून काढलेले, आधारकार्डावरच्या फोटोसारखे.

अक्कांनी ते टीव्हीवर बघितले. "बाकीचे?"

"खराब होते. पुसले."

"अळी चिडली की नारिंगी शिंगं बाहेर काढते, ते?"

"आलं होतं. पण तोंड धूसर होतं."

"तुझ्या कंपनीनं बिघडवलंय तुला. मला काय यात नट बसवायचाय?" त्या हसल्या, पण टीव्ही लगेच बंद केला.

"मग कुठले ठेवायचे, अक्का?"

"सगळे."

"वाईटपण?"

"ते मी बघते."

वाईट ठेवायचे, तर मग मी सुधारायचं कशात? 

कोश काळा पडला, आतल्या पंखांवरचे ठिपके दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी गच्चीत. वारा होता म्हणून फांदीला काठी लावून कपड्याच्या चिमट्यानं धरली. कोश तडकला आणि बघता बघता फुलपाखरू बाहेर. श्वास सोडायचा राहिलाच, मी नुसती दाबत सुटले. एकही फोटो पुरता साफ नव्हता. एकात तर फक्त एक पाय स्वच्छ, रिकाम्या कोशाला धरलेला, बाकी सगळं धुकं. पुसायच्या बटणावर बोट गेलं. तसंच उचललं आणि खाली गेले.

अक्का टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या. मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागल्या.

"हा पाय. बघ, सोडवत नाही त्याला."

"बाकी सगळं धूसर आहे, अक्का."

"सरी, सरी, असू दे. बघू दे."

रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. त्या अजून पहिल्याच फोटोवर होत्या. पुढचा लावू की राहू दे, मला कळेना. मी रिमोट धरून उभी. बस गेली.

"अजून आहेत?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"आहेत. सगळे असेच."

"लाव."