इंग्रजांच्या कायद्यासाठी दोन मिनिटं

माझे वडील नागपूरला कामगार युनियनचे सरचिटणीस. जन्मभर त्यांनी सगळ्यात जास्त शिव्या कुणाला दिल्या असतील, तर इंग्रजांच्या काळच्या युनियनच्या कायद्याला. २०२० साली ते आमच्याकडे आयर्लंडमध्ये ल्यूकनला आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. तेवढ्यात तिकडे सरकारनं तोच कायदा मोडीत काढायला घेतला. मला वाटलं, आता पेढे वाटतील. पण बाबांची जेवणावरची वासनाच उडाली.

"नवा याच्याहून बेकार आहे," ते म्हणाले. "संपाच्या आधी एवढी नोटीस द्या म्हणते, की तोवर मालक दुसरी माणसं भरून मोकळा! जुनाच राहू द्या म्हणून सांगतो मी."

म्हणजे इंग्रजांना हाकलून देणाऱ्या आयर्लंडमध्ये बसून बाबा इंग्रजांची वकिली करणार होते. धन्य!

सरकारची युनियनांशी सल्लामसलत ऑनलाइन होती. प्रत्येकाला दोन मिनिटं. इथे जेमतेम उजाडलेलं. बाबा वर कोट आणि खाली पायजमा घालून नातीच्या खोलीत बसले, मागे युनिकॉर्नचा पडदा. बटणं दाबायला शेजारी मी.

बाबांचं नाव पुकारलं. मी माइक चालू केला. बाबा सवयीनं उभे राहिले आणि अख्ख्या सभेला पायजम्याची नाडी दिसली.

"कामगार एकजुटीचाऽऽ" म्हणून ते थांबले.

कारखान्याबाहेरच्या गेटसभेची ही रीतच. पुढचं 'विजय असो' समोरून आल्याशिवाय भाषण सुरू होत नाही. पण सरकारनं बाकी सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले. चौकोनाचौकोनांतून मुठी वर गेल्या, ओठ हलले, आणि ऐकू काहीच आलं नाही.

बाबांनी पुन्हा घोषणा दिली. पुन्हा तेच.

"बाबा, मुद्दा सांगा!" मी दबक्या आवाजात ओरडले.

"जवाब तर येऊ दे!"

शेवटी मीच बेंबीच्या देठापासून "विजय असो!" म्हणून किंचाळले. नवरा धावत वर आला. बाबा खुलले. "अध्यक्ष महाराज, आणि मंचावरील मान्यवर..."

"वेळ संपली," सभा चालवणारे सरकारी साहेब म्हणाले. "आपली हरकत नाही असं धरतो. धन्यवाद."

माइक तिकडूनच बंद झाला. मी बटण दाबत राहिले, काही होईना.

"हरकत आहे! माझी हरकत आहे!" बाबा ओरडले. मग तसंच उभं राहून, स्क्रीनकडे बघत, त्यांनी अख्खं भाषण केलं. फार चांगलं होतं ते.